सॅल्मनच्या पाण्यापर्यंत

ऑगस्टमध्ये मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावरच्या लडिंग्टन किंवा मॅनिस्टी बंदरातून पहाटे बोट निघते, तेव्हा तिच्याखालचं पाणी एकसारखं नसतं. वरचं पाणी २० ते २२ अंश सेल्सिअसचं, पोहायला सुखाचं. तिथून १५, कधी २०, कधी २५ मीटर खाली गेलं की तापमान झपाट्याने उतरतं आणि काही मीटरच्या अंतरात १० अंशांवर येतं. आणखी खाली ते ५-६ अंशांपर्यंत घसरतं. चिनूक जातीच्या सॅल्मनला १० ते १३ अंशांचं पाणी मानवतं. सरोवराची लांबी ४९४ किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, सर्वांत खोल जागी खोली २८१ मीटर. एवढ्या पसाऱ्यात उन्हाळ्यात चिनूकच्या सोयीचा असतो तो एक पातळ थर, आणि तोही वाऱ्याप्रमाणे वरखाली होणारा.

त्या थरापर्यंत आमिष न्यायचं आणि तिथेच ठेवायचं, यासाठी डाउनरिगर नावाचं यंत्र वापरतात. मला या यंत्राचं कौतुक वाटतं ते त्याच्या साधेपणामुळे. त्याने मासा सापडत नाही आणि पकडलाही जात नाही. आपला गळ पाण्यात नेमका किती खोल आहे, एवढंच ते सांगतं. पण ज्या मासेमारीत सगळा खेळ खोलीचा आहे, तिथे एवढं कळलं तरी बाकीच्या गोष्टींचा विचार करता येतो.

चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेण्याला ट्रोलिंग म्हणतात. त्यातली अडचण सरळ आहे. दोरी पाण्यातून ओढली की पाणी तिला मागे आणि वर ढकलतं. हलकं आमिष नुसतं सोडलं तर ते पृष्ठभागाखाली जेमतेम एक-दोन मीटर राहतं. खोल न्यायचं तर वजन हवं, आणि वजन दोरीलाच बांधलं तर मासा लागल्यावर तेही त्याच्याबरोबर ओढावं लागतं. पाच किलोच्या शिशाबरोबर झुंजणाऱ्या माशाचा जोर हाताला कळतच नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्समध्ये यावर एक जुना तोडगा होता. एका वजनदार दोरीला ठरावीक अंतरावर अनेक आखूड दोऱ्या लावून वेगवेगळ्या खोलीवर आमिषं नेत. त्या साधनाला आजही सेथ ग्रीनचं नाव आहे. ग्रीन (१८१७-१८८८) हा अमेरिकेतल्या मत्स्यसंवर्धनाचा एक आद्य माणूस, ज्याने १८६४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या कॅलेडोनिया इथे मासे उबवण्याचं केंद्र उभारलं. पुढे तांब्याची तार आणि शिसं भरलेली दोरी आली. गळ खोल जाऊ लागला, पण नेमका किती खोल गेला हे अंदाजानेच ठरत होतं.

डाउनरिगरला खरी मागणी आली ती सॅल्मन या सरोवरात आल्यावर. ती गोष्ट सांगायलाच हवी, कारण सॅल्मन इथला मूळचा मासा नव्हे. तो पॅसिफिक महासागराचा आणि त्याला मिळणाऱ्या नद्यांचा. (आपल्याकडे बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून मिळणारा रावस चविष्ट खरा, पण तो वेगळ्याच कुळातला आहे.) मिशिगन सरोवराचा मूळ शिकारी मासा होता लेक ट्राउट. वेलँड कालव्यामुळे नायगाऱ्याचा अडथळा टाळून लॅम्प्री नावाचा रक्तशोषक जीव वरच्या सरोवरांत शिरला. तो माशाला चिकटून त्याचं रक्त शोषतो. लॅम्प्री आणि बेसुमार मासेमारी यांच्या कचाट्यात १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इथला लेक ट्राउट जवळजवळ संपला. त्याच वाटेने अलवाइफ हा लहानसा चंदेरी मासाही आला. मिशिगन सरोवरात तो पहिल्यांदा १९४९ मध्ये दिसला. त्याला खाणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून तो बेफाम वाढला. १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या अलवाइफचे ढीग शिकागोपासून वरपर्यंतच्या किनाऱ्यांवर आले आणि ते हटवायला यंत्रं लावावी लागली.

त्याच्या थोडं आधीच मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी एक धाडसी निर्णय घेतला होता. ऑरेगन राज्याकडून कोहो सॅल्मनची दहा लाख अंडी घेऊन त्यांनी ती उबवली आणि १९६६ च्या वसंतात पिल्लं प्लॅट नदीत आणि मॅनिस्टीच्या एका उपनदीत सोडली. पुढच्याच वर्षी चिनूकची पिल्लंही सोडण्यात आली. अलवाइफच्या सुकाळात सॅल्मन असे काही पोसले गेले की १९६७ च्या शरद ऋतूत परतलेले कोहो पाहायला आणि पकडायला लोकांची झुंबड उडाली. २३ सप्टेंबर १९६७ रोजी प्लॅटच्या उपसागरात अचानक वादळ उठलं. लहान लहान होड्या घेऊन शेकडो लोक पाण्यात होते आणि त्यांतल्या सात जणांचा मृत्यू झाला. गोड्या पाण्याचं म्हणून या सरोवराला कमी लेखू नये, हा धडा तिथल्या बंदरांतली माणसं आजही नव्या माणसाला सांगतात.

शरदात मासे नदीच्या मुखाशी, उथळ पाण्यात येतात, तेव्हा त्यांना गाठणं सोपं असतं. उन्हाळ्यात ते भर सरोवरात खोल असतात. तेव्हा तिथे गळ न्यायचा कसा, या गरजेतून मिशिगनच्या गॅरेजांत आणि छोट्या कारखान्यांत डाउनरिगर घडत गेले.

यंत्राची रचना अशी. बोटीच्या कडेला किंवा मागच्या बाजूला एक मोठं चाक बसवलेलं असतं. त्यावर बारीक पोलादी तार गुंडाळलेली असते आणि ती पाण्यावर पुढे काढलेल्या एका दांड्यावरून खाली उतरते. तारेच्या टोकाला शिशाचा गोळा, सरोवरात साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा. चाकाला मोजयंत्र जोडलेलं असतं, किती फूट तार सुटली ते त्यावर दिसतं. चाक हाताने फिरवायचं किंवा विजेच्या मोटरने. गोळ्यापाशी, किंवा त्याच्या थोडं वर तारेवर, एक चिमटा असतो. गळाच्या काठीची नायलॉनची दोरी, आपले कोळी जिला तंगूस म्हणतात ती, या चिमट्यात अडकवतात. गोळा तंगुसाला खाली नेतो. मासा आमिषावर तुटून पडला की तंगूस चिमट्यातून सुटतं आणि मग काठी नि मासा यांच्यामध्ये वजन उरत नाही. गोळा आपल्या तारेवर जिथल्या तिथे राहतो. वजन आणि दोरी वेगळी करणं, हीच या यंत्रामागची मूळ कल्पना.

बोट चालू ठेवून आमिष आधी मागे सोडायचं. काठाशीच थोडा वेळ त्याची चाल पाहून घ्यायची, कारण आमिष वेडंवाकडं फिरत असेल तर खोलात ते तसंच फिरत राहणार. मग तंगूस चिमट्यात बसवून, रीलवर अंगठ्याचा दाब ठेवत गोळा सावकाश उतरवायचा. घाईने सोडला तर आमिष उलटून तंगुसातच गुंततं, आणि वर काढेपर्यंत ते कळतही नाही. ठरलेली खोली आली की चाक थांबवायचं, काठी धारकात ठेवायची आणि रील फिरवून तंगूस एवढं ताणायचं की काठी धनुष्यासारखी वाकेल. मासा लागून चिमटा सुटला की ही वाकलेली काठी झटक्यात सरळ होते आणि मधला झोळ स्वतःच खेचून घेते. ताण कमी ठेवला तर गळ रुतत नाही. यासाठी काठ्याही वेगळ्या असतात, आठ-साडेआठ फुटांच्या, टोकाला मऊ.

चिमट्याची पकड किती ठेवायची हा पुढचा निर्णय. पकड सैल ठेवली तर लाटांच्या हिसक्यानेच तंगूस सुटतं. फार घट्ट ठेवली तर लहान मासा गळाला लागूनही चिमटा सुटत नाही, तो तसाच ओढला जातो आणि तासभर ती दोरी वाया जाते. म्हणून जाणकार माणूस काठीच्या टोकाकडे सतत पाहत असतो. आमिष नीट चालत असेल तर टोक एका लयीत थरथरतं. लय बिघडली की कचरा तरी अडकलेला असतो किंवा छोटा मासा तरी लागलेला असतो.

आता खोलीचा प्रश्न. मोजयंत्र ३० मीटर दाखवतं, तेव्हा गोळा ३० मीटर खोल असतो का? सुटलेल्या तारेची लांबी आणि पाण्यातली खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोट पुढे जाते, पाणी तारेला आणि गोळ्याला मागे ढकलतं आणि तार तिरपी होते. तार उभ्या रेषेपासून ३० अंशांनी कलली असेल तर ३० मीटर तारेवर खोली २६ मीटर भरते, ४५ अंशांवर ती २१ मीटरवर येते. प्रत्यक्षात तार सरळ राहत नाही, पतंगाच्या मांजासारखी तिला झोळ येतो. वर ती जास्त तिरपी आणि गोळ्यापाशी जवळजवळ उभी असते, त्यामुळे बोटीवरून दिसणाऱ्या कोनाने काढलेली खोली खऱ्या खोलीपेक्षा थोडी कमीच येते. शिवाय पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३.२ किलोमीटरवरून वेग ४.८ वर नेला, म्हणजे दीडपट केला, तर रोध सव्वादोनपट होतो. जड गोळा आणि बारीक तार हे यावरचे साधे उपाय. गोळ्यालाच लावायचे संवेदकही मिळतात. ते खोली, तापमान आणि पाण्यातला वेग थेट वर कळवतात.

बोटीवरचा सोनार खालचे मासे दाखवतो, पण त्याचं चित्र वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्याचा ध्वनिझोत शंकूच्या आकाराचा असतो. २० अंशांच्या शंकूचा व्यास ३० मीटर खोलीवर सुमारे साडेदहा मीटर होतो. पडद्यावर मासा आणि आमिष एका उंचीवर दिसले तरी ते आडवे दहा मीटर दूर असू शकतात. खूप मागे ढकलला गेलेला गोळा तर शंकूच्या बाहेरच जातो आणि पडद्यावरून नाहीसा होतो.

खोलीचा विचार तापमानाशिवाय पुरा होत नाही. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असतं. वसंतात सरोवर वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकाच तापमानाचं असतं आणि वारा त्याला घुसळू शकतो. उन्हाने वरचं पाणी तापू लागलं की ते हलकं होतं आणि वरच राहतं. उन्हाळा पुढे सरकतो तसा वरच्या ऊबदार नि खालच्या थंड पाण्यात एक सीमा तयार होते. या सीमेला, जिथे तापमान झपाट्याने बदलतं त्या पट्ट्याला, थर्मोक्लाइन म्हणतात. घनतेतला फरक एवढा असतो की वारा वरचं पाणी वरच फिरवत राहतो, खालच्याला हात लावू शकत नाही. लहान मासे, विशेषतः अलवाइफ, या सीमेच्या आसपास असतात. सॅल्मन त्यांच्यामागे असतो, पण आपल्या सोयीचं थंड पाणी सोडून फार वर येत नाही. चिनूक आणि कोहो या सीमेपाशी, स्टीलहेड ट्राउट ऊबदार पाण्यात वर, लेक ट्राउट त्याहून थंड पाण्यात, बहुधा तळाशी. एकाच ठिकाणी चार काठ्या वेगवेगळ्या खोलीवर लावल्या तर चार जातींचे मासे मिळू शकतात.

हा थर स्थिर नसतो आणि मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटतो तो हाच भाग. सरोवराच्या पूर्व काठावर दोन-तीन दिवस उत्तरेचा वारा वाहिला की किनाऱ्याजवळचं ऊबदार पाणी अचानक गायब होतं आणि पोहणारे काकडत बाहेर येतात. वारा दक्षिणेकडे ढकलतो, पण पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे वळतं. इथे ते पश्चिमेकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, जातं. रिकामी झालेली जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं. विस्कॉन्सिनच्या बाजूला, पश्चिम काठावर, हेच काम दक्षिणेचा वारा करतो. आपला पश्चिम किनाराही याच भूमितीत बसतो. पावसाळ्यात केरळपासून गोव्यापर्यंतच्या समुद्रात किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वाहणारा वारा पाणी बाहेर नेतो आणि खालचं थंड, खनिजसंपन्न पाणी वर येतं. मिशिगनमधल्या मासेमाराला याचा अर्थ असा की काल २५ मीटरवर असलेले मासे आज १० मीटरवर, किनाऱ्याच्या कितीतरी जवळ असू शकतात. कालच्या आकड्यांवर भरवसा ठेवून गोळा उतरवणारा माणूस ओसाड पाण्यात फिरत बसतो.

तापमानानंतर वेग. सॅल्मनसाठी ट्रोलिंगचा वेग ताशी सुमारे ३ ते ५ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका. धातूचे चमचे, ज्यांना स्पून म्हणतात, त्यांना थोडा जास्त वेग लागतो, फ्लॅशर नावाच्या फिरत्या पट्टीला कमी. हा वेग आमिषाचा हवा, बोटीचा नव्हे. जीपीएस जमिनीच्या संदर्भात वेग सांगतो, आणि थर्मोक्लाइनखालचं पाणी वरच्या पाण्यापेक्षा निराळ्या दिशेने वाहत असू शकतं. उत्तरेकडे जाताना मासे लागतात आणि त्याच रेषेत दक्षिणेकडे परतताना एकही लागत नाही, असा अनुभव इथल्या प्रत्येक बोटीवर ऐकायला मिळतो. काही जण त्याला नशीब म्हणतात. बहुतेक वेळा कारण खालचा प्रवाह असतो. एका दिशेने आमिष योग्य वेगाने जातं, उलट दिशेने ते एकतर मरगळतं किंवा भिरभिरतं. उपाय सोपा आहे. परतताना तारेचा कोन पाहायचा आणि तो आधीसारखा होईपर्यंत बोटीचा वेग बदलायचा. संवेदक नसलेल्या माणसालाही तार हे सांगते.

वळण घेताना आणखी एक माहिती फुकट मिळते. बोट डावीकडे वळली की आतल्या, डाव्या बाजूचं आमिष मंदावतं नि खाली जातं. बाहेरचं आमिष वेग घेतं नि वर उचललं जातं. वळणावर आतल्या काठीला मासा लागला तर वेग कमी करा किंवा थोडं खोल जा, बाहेरच्या काठीला लागला तर उलट. म्हणून चांगला नावाडी सरळ रेषेत जात नाही, नागमोडी जातो. सुकाणू हाताशी असताना मासे काय म्हणताहेत हे तपासण्याची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही.

आमिषांचा बाजार मोठा आहे आणि दुकानातल्या रंगांच्या भिंतीसमोर उभं राहिलं की नवखा माणूस गोंधळतो. मूळ प्रकार मोजकेच. स्पून एकटा चालतो. डॉजर ही धातूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी डावीउजवीकडे झुलते, फ्लॅशर स्वतःभोवती पूर्ण गोल फिरतो. दोघांचं काम माशाचं लक्ष वेधायचं आणि मागच्या छोट्या आमिषाला, झालरीच्या माशीला किंवा रबरी माकूळला, हिसके द्यायचे. त्यांच्यामधल्या दोरीची लांबी फार महत्त्वाची. डॉजरमागे माशी साधारण अर्ध्या मीटरवर ठेवतात. दोरी आखूड केली तर हिसका वाढतो, लांब केली तर माशी नुसती मागे घसटत राहते. रंगाबद्दल मी एवढंच सांगेन की खोलात लाल रंग सर्वांत आधी विझतो, हिरवा नि निळा टिकतात. पहाटेच्या अंधारात प्रकाश साठवून चमकणाऱ्या आमिषांना चिनूक चांगला प्रतिसाद देतो. हा मासा मंद उजेडात शिकार करणारा आहे आणि ऊन चढलं की आणखी खाली जातो. म्हणूनच बोटी उजाडायच्या आधी निघतात.

आमिष गोळ्यामागे किती लांब ठेवायचं हे पाण्याच्या स्वच्छतेवर आणि खोलीवर ठरतं. उथळ, नितळ पाण्यात बोटीचा आवाज नि सावली यांनी मासा बिचकतो, तिथे २५-३० मीटर मागे. खोलात ३ ते ६ मीटर पुरतात आणि तिथे गोळाच कधीकधी माशाला कुतूहलाने जवळ आणतो. १९९० च्या दशकाअखेर जहाजांतल्या पाण्यातून आलेला क्वागा शिंपला या सरोवरात पसरू लागला. तो पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातो. सरोवराचं पाणी त्यामुळे कमालीचं स्वच्छ झालं. उजेड पूर्वीपेक्षा खोल पोचू लागला, मासे खाली गेले आणि तीस वर्षांपूर्वीची अंतरं अपुरी पडू लागली.

एका तारेवर दोन चिमटे लावून दोन काठ्याही चालवता येतात. आणखी एक युक्ती म्हणजे स्लायडर. चिमट्यात अडकवलेल्या तंगुसावर दीड-दोन मीटरची आखूड दोरी नि दुसरा स्पून सरकत्या अडकवणीने सोडतात. तो घसरत जाऊन तंगुसाच्या झोळात, गोळ्याच्या अर्ध्या खोलीच्या आसपास स्थिरावतो. स्टीलहेड बहुधा यालाच लागतो. मिशिगनमध्ये एका माणसाला तीन दोऱ्यांची परवानगी आहे, त्यामुळे मोठ्या बोटीमागे दहा-बारा आमिषं असणं नवल नाही. मोठा मासा लागल्यावर बोट थांबवायची नाही, हा नियम म्हणूनच पाळतात. थांबली की बाकीची आमिषं बुडून एकमेकांत गुंततात. वेग थोडा उतरवायचा, ज्या बाजूला मासा आहे तिथला गोळा वर घ्यायचा आणि चिनूकला त्याची पहिली धाव घेऊ द्यायची. ती शंभर मीटरची असू शकते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लडिंग्टनजवळ ४७.८६ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २२ किलोचा चिनूक पकडला गेला आणि मिशिगनचा १९७८ पासूनचा विक्रम मोडला.

तळ जवळ असेल तर गोळ्याकडे लक्ष हवं. तळात तो अडकला आणि चाकाचा ब्रेक घट्ट असला, तर चालत्या बोटीचा सगळा भार त्या दांड्यावर येतो. ब्रेक सरकता ठेवावा आणि तार कापायची पक्कड हाताशी असावी.

पॅसिफिक किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात किंवा अलास्कात, हेच यंत्र वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं. तिथे भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह पाणी घुसळत राहतात आणि बहुतेक पाणी सॅल्मनला चालेल इतकं थंडच असतं. म्हणून तापमानाऐवजी खालची भूरचना, हेरिंग माशांचे थवे आणि प्रवाहाची वेळ यांवरून खोली ठरते. चिनूकसाठी गोळा तळापासून काही मीटरच वर चालवतात. प्रवाह जोराचा असल्याने गोळेही जड असतात. आमिषाला तिरका छेद देऊन डोकं काढलेला हेरिंग लावतात, तो पाण्यात गिरकी घेत जातो. अलास्कातल्या सिटकासारख्या बंदरांतले व्यावसायिक ट्रोलर गर्डी नावाच्या चाकांवरून जाड तारा सोडतात. एकेका तारेला बरीच आमिषं लागतात. जाळ्यात दबलेल्या माशापेक्षा असा एकेक करून घेतलेला, लगेच रक्त काढून बर्फात ठेवलेला सॅल्मन चांगला टिकतो आणि त्याला भावही जास्त मिळतो. याच व्यावसायिकांकडून तारेतल्या विजेची चर्चा आली. पाण्यातली पोलादी तार आणि बोटीखालचे जस्ताचे तुकडे यांच्यामुळे थोडा विद्युतदाब तयार होतो. तो अर्ध्या व्होल्टच्या थोडा वर ठेवला तर सॅल्मन जवळ येतो, असं अनेक जुने ट्रोलर मानतात. त्यासाठी नियंत्रक उपकरणंही मिळतात. माझं मत असं की जस्त गंजून संपू देऊ नये, ते बोटीसाठीही आवश्यक आहे. त्यापुढचा खर्च तापमान मोजणाऱ्या संवेदकावर करावा.

मासा सोडून द्यायचा असेल तर उन्हाळ्यात सावध राहायला हवं. सॅल्मनच्या वाताशयाची नळी अन्ननलिकेला जोडलेली असते, त्यामुळे वर येताना फुगलेली हवा तो तोंडावाटे सोडू शकतो. खोलीचा बदल म्हणून त्याला फारसा बाधत नाही. बाधतं ते तापमान. दमलेला मासा १० अंशांच्या पाण्यातून २२ अंशांच्या पाण्यात येतो, जिथे प्राणवायूही कमी विरघळलेला असतो. अशा दिवसांत झुंज लांबवणं मला क्रूरपणाचं वाटतं. मासा लवकर वर घ्यावा, शक्यतो पाण्यातच गळ काढावा, कल्ल्यांना हात लावू नये. खायला लागतील तेवढे मासे मिळाले की दोऱ्या गुंडाळाव्यात. ब्रिटिश कोलंबियात काटे नसलेला गळ वापरणं बंधनकारक आहे. तो नियम सरोवरात नसला तरी स्वतःहून पाळायला काय हरकत आहे?

या मासेमारीचं भवितव्य अलवाइफवर टांगलेलं आहे. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ मध्ये अलवाइफ कोसळला आणि त्याच्यामागोमाग चिनूकही. मिशिगन सरोवरात तसं होऊ नये म्हणून २०१३ मध्ये चिनूकची पिल्लं सोडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणलं गेलं. बंदरांतल्या अनेकांना ते आवडलं नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. खाणारे जास्त आणि खाद्य कमी अशी स्थिती एकदा आली की ती उलटवता येत नाही, हे ह्युरॉनने दाखवून दिलंय. आता इथल्या चिनूकपैकी मोठा भाग नद्यांत नैसर्गिकरीत्या जन्मलेला असतो, त्यामुळे हिशेब नुसता उबवणी केंद्रांच्या हातात राहिलेला नाही.

ऑगस्ट संपत येतो तसा हा सगळा तापमानाचा आराखडा मोडतो. अंडी घालायच्या वयाचे चिनूक खाणं सोडतात, थंड थराची पर्वा करत नाहीत आणि १८ अंशांच्या पाण्यातूनही नदीच्या मुखाकडे येतात. तेव्हा गोळे पाच-दहा मीटरवर, पहाटे नि अंधार पडताना, बंदराच्या तोंडाशी चालवतात. मासा आता भुकेने आमिष घेत नाही, चिडून घेतो, म्हणून प्लग नावाची मोठी, जोरात हलणारी आमिषं चालतात. सप्टेंबरमध्ये तो नदीत शिरला की डाउनरिगर धुऊन, तारेतले पिचलेले धागे तपासून ठेवून देतात. पुढचा हंगाम एप्रिलमध्ये सरोवराच्या दक्षिण टोकाला, इंडियानातल्या मिशिगन सिटीच्या आसपास सुरू होतो. तिथलं उथळ पाणी आधी तापतं आणि कोहो त्या उबेला येतो. शिकागोच्या परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकाला पहिला सॅल्मन बघायचा असेल तर त्याने तिथूनच सुरुवात करावी. त्या दिवसांत मासे पृष्ठभागाखाली दोन-तीन मीटरवर असतात, लहान बोटही पुरते आणि गोळा जेमतेम पाण्यात बुडवला तरी चालतो.